विषय : शेळीचे पुढे काय झाले याबाबत

मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला जी पत्रं येतात, त्यांतली निम्मी पत्रं नसतातच. ते अर्ज असतात. वर दिनांक, खाली 'प्रति', मग माझं नाव, त्याखाली 'विषय : आपले पुस्तक आवडल्याबाबत' आणि लगेच 'महोदय'. मी बाई आहे ही गोष्ट साच्याला ठाऊक नसते. एका चौकस मुलानं पुस्तकामागचा फोटो पाहून दुरुस्ती केली होती : 'महोदय बाई'. पुढचा मजकूर मात्र ठरलेला. 'वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मला आपले पुस्तक आवडले आहे. तरी याची नोंद घ्यावी. तसदीबद्दल क्षमस्व.'

मी नोंद घेते. दुसरं काय करणार?

दोष मुलांचा नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला ६ गुण असतात आणि त्या ६ गुणांची तालीम फार आधीपासून सुरू होते. मागणीपत्र, विनंतीपत्र, अभिनंदनपत्र आणि तक्रारपत्र हे प्रकार एकदा घोटले, की मूल पुढे नगरपालिका, बँक आणि हाउसिंग सोसायटी यांच्याशी जन्मभर पत्रव्यवहार करायला मोकळं. पण लेखिकेला लिहायचं पत्र यांतल्या कोणत्या खणात घालायचं हे काही ठरत नाही. मग मुलं सगळे खण एकदम उपडे करतात. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन, दुसऱ्यात पुढच्या भागाची मागणी (त्वरित पाठवावा, बिल सोबत जोडावं), तिसऱ्यात तक्रार. आणि सही? परीक्षेत खरं नाव लिहायचं नसतं, हा नियम काहींच्या इतका अंगात मुरलेला असतो की खाली येतं : 'आपला विश्वासू, अ. ब. क.'

हा अ. ब. क. माझा सर्वांत निष्ठावान वाचक आहे. तो लातूरला राहतो, चिपळूणला राहतो, गोंदियाला राहतो. त्याचं अक्षर दर वेळी वेगळं असतं, वय बदलतं, पण आदर तसूभर कमी होत नाही. त्याला उत्तर पाठवायची माझी फार इच्छा आहे. पण पत्ता 'शांतीनगर' एवढाच असतो.

या अर्जांचा गठ्ठा येतो तो शाळेकडून. मोठं खाकी पाकीट, आत अख्खा वर्ग. बाईंनी फळ्यावर पत्र लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं आणि 'मला तुमचे सर्वच पुस्तके आवडतात' ही फळ्यावरची चूक चाळीसही जणांनी इमानेइतबारे केली. असा गठ्ठा मी उलट्या बाजूनं वाचायला घेते. कारण मागच्या बाकावरच्या मुलांची पत्रं तळाशी असतात, आणि त्यांचं उतरवून होण्याआधीच फळा पुसला गेलेला असल्यामुळे उरलेला मजकूर त्यांना पदरचा घालावा लागतो. 'पुस्तक अजून वाचलेले नाही. वर्गात एकच आहे व ते मॉनिटरकडे आहे. तो देत नाही. आपण त्याला सांगावे.' मराठी बालसाहित्याच्या वितरणावर परिसंवाद होतात, अध्यक्षीय भाषणं होतात. त्यातून हाती लागलं नसेल इतकं या चार वाक्यांत आहे.

खरी पत्रं वेगळी. ती वहीच्या मधल्या पानावर असतात, स्टेपलची भोकं तशीच. त्यांत अभिनंदन वगैरे काही नसतं. थेट जाब असतो.

माझ्या एका गोष्टीत जत्रेच्या दिवशी एक आजी दारात शेळी बांधते आणि देवाला जाते. गोष्टीत शेळीचं काम इतकंच, की रात्री पळणारा चोर दाव्यात अडकून पडावा. चोर पडतो, पकडला जातो, सरपंच पोरांची पाठ थोपटतात, पुस्तक संपतं. माझ्या लेखी संपतं. मुलांच्या लेखी नाही. कारण शेळी अजून बांधलेलीच आहे. आजी परत आली का? शेळीला पाणी कोणी दाखवलं? चोर अंगावर पडला तेव्हा तिला लागलं का? बार्शीकडच्या एका मुलीनं तर मला तंबीच दिली : शेळी दोन वेळा पिळावी लागते, नाहीतर कास दगडी होते, तुमच्या गोष्टीत एक रात्र आणि एक सकाळ गेलेली आहे.

मोठ्यांपैकी एकालाही ती शेळी दिसली नव्हती. म्हणजे, दिसली होती एका समीक्षकांना. त्यांच्या मते ती दाव्याला जखडलेल्या ग्रामीण स्त्रीचं प्रतीक होती. पण तिला पाणी पाजायला हवं असं त्यांनाही वाटलं नाही.

आता माझी बाजू. गोष्टीत सगळ्यांना घरी पोहोचवायला मी एसटीची कंडक्टर नाही. दुय्यम पात्रांना वाऱ्यावर सोडायचा हक्क थोर कादंबरीकारांना असतो, तो मला का नसावा? हे मी त्या मुलीला कळवलं, जरा मऊ शब्दांत. तिचं उत्तर आलं : 'ठीक आहे. पण शेळी?'

प्रश्नांचा दुसरा मोठा साठा माझ्या प्रकृतीविषयी असतो. त्याचं कारण पाठ्यपुस्तक. पाठाच्या वर लेखकाचा परिचय असतो, नावापुढे कंस आणि कंसात साल. बहुतेक लेखकांच्या कंसात दोन सालं, मध्ये आडवी रेघ. मुलांनी अशा कंसांची इतकी सवय करून घेतलेली असते, की लेखक हा प्राणी दोन सालांचाच असतो असं त्यांना वाटतं. मग एखादी हयात लेखिका भेटली की ती गोंधळतात. 'तुमच्या कंसात एकच साल आहे. दुसरे केव्हा येणार?' असं एका पाचवीतल्या मुलानं निरागसपणे विचारलं आहे. हे पत्र मी आमच्या घरी वाचून दाखवलं. यजमान म्हणाले, "प्रकाशक म्हणतायत पुढची आवृत्ती मार्चमध्ये निघेल, तेव्हा काय ते नक्की कळव."

काही पत्रं माझ्यासाठी नसतातच. ती माझ्या पात्रांना असतात, आणि मी फक्त 'द्वारा' असते. यात मला कमीपणा वाटत नाही. मोठमोठ्यांच्या नशिबी हे आलेलं आहे. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सच्या पत्त्यावर पत्रं यायची. त्या जागी १९३२ पासून एका वित्तसंस्थेचं कार्यालय होतं, त्यांनी बिचाऱ्यांनी उत्तरं द्यायला चक्क एक सेक्रेटरी नेमला. आपल्याकडे तसाच खराखुरा वाटणारा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बन्या, फुरसुंगीचा. १९८७ मध्ये तो दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये सिनेमात आला, आणि तरीही माझ्या पिढीच्या लेखी तो अजून सायकलवर फुरसुंगीहून निघालेलाच आहे. पुढे त्याच फुरसुंगीचं नाव पुण्याच्या कचरा डेपोमुळे रोज पेपरात येऊ लागलं, तेव्हा आमच्यापैकी अनेकांच्या मनात पहिला विचार आला तो : आणि बन्या कुठं गेला? फेणे तिथं असता तर डेपोचं टेंडर कुणाला मिळालं हे त्यानं दिवाळीच्या सुट्टीत शोधून काढलं असतं.

आता उत्तरांचं.

मुलाला चार ओळींचं उत्तर लिहिण्यापेक्षा मोठ्यांसाठी चारशे पानं लिहिणं सोपं. मुलाला थाप कळते, उपदेश कळतो आणि आपण घाईत आहोत हेही कळतं. त्यात साने गुरुजींनी आमची पुरती पंचाईत करून ठेवली आहे. त्यांनी पुतणीला, सुधाला, जी पत्रं लिहिली त्यांचं 'सुंदर पत्रे' हे पुस्तक झालं. पाखरं, फुलं, देशोदेशीच्या गोष्टी, माया, पत्रामागून पत्र. ती वाचून वाढलेले आजोबा नातवाच्या वतीनं मला लिहितात आणि उलट टपाली तसलंच काहीतरी यावं अशी अपेक्षा करतात. माझ्या पत्रात पाखरू येतं, नाही असं नाही, पण ते बहुधा आमच्या बाल्कनीतलं कबुतर असतं आणि त्याच्याविषयी माझ्या मनात माया नाही.

आमच्या धंद्यातला पत्रांचा खरा महापुरुष म्हणजे लुइस कॅरल. 'ॲलिस'वाला. ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. १८६१ च्या पहिल्या दिवसापासून त्यानं आवक-जावक रजिस्टर ठेवलं, आणि १८९८ मध्ये तो गेला तेव्हा शेवटचा क्रमांक होता ९८,७२१. आपल्या तहसील कार्यालयालाही कॉम्प्लेक्स यावा. मुलांना तो आरशात धरून वाचायची पत्रं लिही, शेवटापासून सुरुवातीकडे जाणारी लिही, भिंग घेऊन वाचावी लागतील इतकी बारकी लिही. शिवाय पत्रं कशी लिहावीत यावर १८९० मध्ये त्यानं एक पुस्तिकाही काढली. तीत एक सल्ला असा, की मजकूर लिहिण्याआधी पाकिटावर पत्ता घाला आणि तिकीट लावा. म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही. मी हा प्रयोग केला. तिकीट लावलेली, पत्ता घातलेली, आत काहीही नसलेली पाकिटं आमच्या टेबलावर ओळीनं बसलेली असतात आणि मी समोरून गेले की बघतात. कॅरलचा दुसरा सल्ला जास्त कामाचा : वादात शेवटचा शब्द आपला असावा असा हट्ट धरू नका. शेळीवाल्या मुलीच्या बाबतीत मी हा सल्ला पाळते आहे. तिनं तो वाचलेला नाही.

पोस्टाची खिडकी हाही एक अनुभव. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. पण पन्नास पैशांचं नाणं ना माझ्याकडे असतं ना खिडकीत, म्हणून कार्डं जोडीनं घ्यावी लागतात. मी भरपूर घेते. पहिल्यांदा घेतली तेव्हा आतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "रेडिओला पाठवताय का?" म्हणाल्या. नाही, मुलांना पाठवते म्हटल्यावर त्यांचा चेहरा मऊ झाला. "परदेशात असतील?" परदेशातली मुलं पन्नास पैशांत भेटत असती तर सांगलीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी ही खिडकी सोडली नसती, हे मी बोलले नाही.

बिअॅट्रिक्स पॉटर या बाईंची गोष्ट मला फार हेवा वाटायला लावते. त्यांच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. ४ सप्टेंबर १८९३ ला बाईंनी त्याला पत्र लिहिलं, सशांचं, चित्रांसकट. काही वर्षांनी त्यांच्या मनात आलं, याचं पुस्तक करावं. त्यांनी पत्र परत मागितलं, आणि पोरानं ते जपून ठेवलेलं होतं! आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईतून एवढी वर्षं काय तग धरतं? फक्त वॉरंटी कार्डं, आणि तीही गेलेल्या मिक्सरची. पुढे प्रकाशकांनी नकार दिल्यावर बाईंनी डिसेंबर १९०१ मध्ये पदरमोड करून २५० प्रती छापल्या आणि मग 'पीटर रॅबिट' जगभर गेला.

ही गोष्ट मला होतकरू लेखकांनी सांगितली आहे. वारंवार. स्वखर्चानं छापण्याचा विषय निघाला की पॉटरबाई येतात, जसे लवकर लिहिण्याच्या विषयात साने गुरुजी येतात. 'श्यामची आई' गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली, हे खरंच आहे. "आणि मी तीन दिवसांत," असं एका निवृत्त अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, आणि उरलेले दोन दिवस माझ्याकडे जमा असल्यासारखे थांबले.

मुलांसाठी लिहू इच्छिणारी मोठी माणसं हा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्या पत्राची सुरुवात ठरलेली : नातवंडं हट्टच धरतात. आजोबा, गोष्ट सांगा. आजोबा, गोष्ट लिहा. आजोबा, आता छापा. (छापा, असा हट्ट धरणारं नातवंड मला अजून भेटायचं आहे.) गोष्टीत जंगल असतं. जंगलात सभा असते. सभेत सिंह अध्यक्ष, कोल्हा सूत्रसंचालक, आणि विषय : मोबाइलचे दुष्परिणाम. ससा मोबाइल बघतो, सशाला चष्मा लागतो, हत्ती चार शब्द सुनावतो. शेवटी ठळक टायपात तात्पर्य. वाचक तात्पर्यापर्यंत पोहोचायचा नाही अशी शंका आल्यास तेच सुरुवातीलाही. हे सगळं लिहायला सोपं, कारण वाचक लहान. साहित्य अकादमीचाही या समजाला थोडा हातभार आहे : २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला, छान झालं, मुख्य पुरस्कार एक लाखाचा, बालसाहित्याचा पन्नास हजारांचा. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट.

या मंडळींना माझी प्रस्तावना हवी असते. मत नको, प्रस्तावना. माझा वेळ जाऊ नये म्हणून तीही सोबत जोडलेली असते. अशा एका प्रस्तावनेत मी असं म्हटलेलं होतं, की या तोडीचं लेखन माझ्या हातून कधी झालं नाही, होण्याची शक्यताही नाही. खाली सहीसाठी ठिपके होते. मी विचारलं, मुलांची कोणती पुस्तकं वाचता? माझं एखादं? "छे हो, आता मुलांची कुठं वाचायची," गृहस्थ दिलखुलास हसले, "आपण तर लिहिणारे."

आयांची पत्रं आताशा पत्रानं येत नाहीत, व्हॉट्सअॅपवर येतात. 'माझा मुलगा तुमचा प्रचंड फॅन आहे, त्याला तुमच्याशी बोलायचंय,' आणि खाली व्हॉइस मेसेज. सुरुवातीला नुसता श्वास. मग कुजबुज : "बोल." श्वास. "आवडलं म्हण." "आवडलं." "का आवडलं ते सांग." श्वास. "सांग, त्यातून काय शिकलास?" लांब श्वास, कुकरची शिट्टी, आणि मग स्वच्छ, खणखणीत आवाजात : "मी जाऊ का?" हा संदेश मी जपून ठेवला आहे. त्या मुलाशी माझं चांगलं जमलं असतं.

आणि लहान होतकरू? ते सल्ला मागत नाहीत, माल पाठवतात. माझ्यासमोर आत्ता एक कादंबरी आहे. शंभर पानी वही, त्यातली नऊ पानं लिहिलेली, त्यात चौदा प्रकरणं. लेखिका चौथीत. मुखपृष्ठावर वाडा, चंद्र आणि मांजर. मांजर वाड्याहून मोठं, कारण मांजर जमतं. आतल्या पानावर 'सर्व हक्क राखीव', त्याखाली 'पहिली आवृत्ती : रविवार'. किंमत ५० रुपये, आणि कंसात : मामाला १००. अर्पण आईला होतं; ते खोडून आजीला; आजीही खोडलेली. मधे काय घडलं कळत नाही, पण अखेर पुस्तक मांजराला अर्पण केलेलं आहे. पहिल्याच प्रकरणात भूत मरतं. पुढची तेरा प्रकरणं ते जिवंत असलेल्या लोकांना घाबरून पळत असतं. एक प्रकरण एकाच वाक्याचं आहे : 'मग जेवले आणि झोपले.' मोठ्यांच्या कादंबऱ्यांत अशी प्रकरणं चाळीस पानांची असतात.

सोबतच्या चिठ्ठीत प्रश्न दोनच. तुम्ही जेल पेन वापरता की बॉलपेन? आणि प्रकाशक चौथीतल्यांना पैसे हातात देतात की बाबांकडे?

मी खुर्ची ओढून बसले. असं हस्तलिखित रोज येत नाही. पाकीट तयार होतंच. तीन पानं लिहिली, दोन्ही बाजूंनी. भूत माणसांना घाबरतं ही कल्पना कुठं उजळते, कुठं मंदावते. वाड्याचं वर्णन कमी असूनही वाडा कसा दिसतो. शेवट घाईत उरकू नये, चौदाव्या प्रकरणात भुताला एकदा तरी श्वास घेऊ द्यावा. मांजर फार चांगलं आहे, त्याला अधूनमधून बोलू द्यावं. लिहिता लिहिता मला जाणवलं, की असं कुणी मला चौथीत लिहायला हवं होतं. जेल पेनचंही सविस्तर उत्तर दिलं. प्रकाशक पैसे हातात देतात की बाबांकडे, या प्रश्नातलं 'देतात' हे गृहीत धरणं बरोबर नाही, एवढंच सुचवलं. रंगीत तिकीट लावलं आणि पत्र टाकलं.

तिचं उत्तर आठवड्यात आलं.

'तुमचे पत्र मिळाले. अक्षर लागले नाही. आईला पण लागले नाही. आईने बाईंना दाखवले, त्या म्हणाल्या डॉक्टरांना दाखवा. तिकीट छान होते, ते दादाने घेतले. दुसरा भाग पाठवत आहे. यात मांजर बोलते. लवकर वाचून वही परत करा, मागच्या पानांवर माझा गणिताचा गृहपाठ आहे.'